उभ्याचा रविवार

लालासाहेब मोहित्यांचा मणका शिंकेनं मोडला.

उन्हाळ्याचे दिवस होते. मनुबाईंनी वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या भाजायला घेतल्या होत्या आणि घरभर खकाणा उठला होता. लालासाहेब चपला घालायला म्हणून खाली वाकले आणि नेमकी तेव्हाच शिंक आली. शिंक तशी साधीच. पण तिच्या पाठोपाठ पाठीत असं काही कडकन वाजलं, की आत मनुबाईंना वाटलं, चुलीतलं लाकूड फुटलं.

अठरा वर्षं फौजेत ट्रक चालवलेला माणूस. बर्फातनं, दरडीतनं गाड्या काढल्या, कधी खरचटलं नाही. गावी येऊन ऊस लावला, दोन म्हशी सांभाळल्या. दमा तेवढा मागं लागला होता, त्याच्यासाठी तालुक्याच्या एका डॉक्टरच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू होत्या. त्या गोळ्यांनी दमा दबला, पण आतल्या आत हाडं पोखरली. हे कराडच्या डॉक्टर संयोगिता यांनी सांगितलं. त्यांनी पाठीचा फोटो काढला, मशिनीवर झोपवून हाडं तपासली आणि म्हणाल्या, "आबा, हाडं ठिसूळ झालीत."

"ते बायकांचं दुखणं न्हवं का?"

"हाडं पुरुषांनाही असतात, आबा."

गावात मात्र लालासाहेबांनी ट्रॅक्टरवरून पडलो असं सांगितलं. फौजेतल्या हवालदारानं शिंकून मणका मोडला, हे सांगायचं कुणाला? वडकरंजीचे सरपंच बाळासो बघायला आले, तेव्हा त्यांनी विचारलं, "पन आबा, तुमच्याकडं ट्रॅक्टर कुठाय?"

"दुसऱ्याचा व्हता," लालासाहेब म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

डॉक्टर संयोगितांनी आठवड्याची एक गोळी लिहून दिली होती. दर रविवारी सकाळी उठल्याबरोबर, अनशापोटी, मोठा पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. त्यानंतर अर्धा तास काही खायचं नाही, चहाही नाही. आणि मुख्य म्हणजे आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर आतनं जाळते.

पहिल्या रविवारी लालासाहेब गोळी घेऊन सवयीनं खाटेवर कलंडले. दिवसभर छातीत इंगळ ठेवल्यासारखी आग. दुसऱ्या रविवारी खुर्चीत बसले, तर डुलकी लागली आणि मान गुडघ्याला टेकली. पुन्हा आग. तिसऱ्या रविवारी ते अंगणात जाऊन उभेच राहिले. आता उभं राहायचं म्हटल्यावर त्यांच्या अंगाला एकच उभं राहणं माहीत होतं. टाचा जुळल्या, मुठी मांड्यांना लागल्या, छाती बाहेर आली. अंगणासमोर शाळेचं मैदान होतं आणि मैदानात झेंड्याचा रिकामा खांब. नजर त्या खांबावर लागली.

शेजारचा नानासो दुधाची किटली घेऊन डेअरीकडं चालला होता. त्यानं हाक मारली, "आबा, काय झालं?"

तोंड उघडलं तर गोळी वर येईल, या भीतीनं लालासाहेब बोलले नाहीत. नानासोनं त्यांच्या नजरेचा माग काढला. खांब पाहिला. मग किटली खाली ठेवली आणि टोपी काढून तोही त्यांच्या मागं उभा राहिला.

अर्धा तास झाल्यावर लालासाहेबांनी हात मोकळे सोडले. नानासोचे डोळे पाणावले होते.

"लय जन गेलं का, आबा?" त्यानं हळूच विचारलं.

लालासाहेबांना वाटलं, सकाळच्या रस्त्याबद्दल विचारतोय. "जात्यात की," ते म्हणाले. "रोजच जात्यात."

नानासोनं डोळे पुसले आणि किटली उचलली. पुढच्या रविवारी तो भावाला घेऊन आला. त्याच्या पुढच्या रविवारी आळीतली चार जुनी फौजी माणसं आली, कडक इस्त्रीचे सदरे घालून. लालासाहेबांना लाज वाटली. वाटलं, आज खरं सांगून मोकळं व्हावं. त्यांनी नानासोला बाजूला घेतलं.

"आरं, तुमी समजताय तसं काय न्हाई. मी गोळी खाल्लीय, म्हनून उभा ऱ्हातो."

नानासो दोन पावलं मागं सरला. त्यानं लालासाहेबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्यांचे पाय धरले. दिवस मावळायच्या आत सगळ्या वडकरंजीला कळलं, की आबांच्या अंगात अजून शत्रूची गोळी हाय आणि दर रविवारी ती दुखती.

त्यानंतर माणसांना आवरणं लालासाहेबांच्या हातात राहिलं नाही. अंगण पुरेना, म्हणून मंडळी मैदानात उभी राहू लागली. आबा बाहेर यायच्या आधी पेलाभर पाणी पितात, हे कुणीतरी खिडकीतनं पाहिलं होतं. मग प्रत्येकजण घरनं बाटली आणून आधी गटागटा पाणी प्यायला लागला. आबा अर्धा तास चहा घेत नाहीत, म्हणून तानाजीच्या हॉटेलात रविवारी सकाळी शेगडीच पेटेना. वाकायचं नाही, म्हणून चपलेचा अंगठा तुटला तरी माणसं तशीच उभी. एक गोळी सोडली, तर गोळीचे सगळे नियम गाव काटेकोरपणे पाळत होतं.

बाळासो सरपंचांना यात गावाचं भलं दिसलं. त्यांनी मैदानात पेव्हिंग ब्लॉक बसवून घेतले. 'उभ्याचा रविवार' असा मोठा फलक लागला आणि त्यावर लालासाहेबांचा वर्दीतला फोटो. एस.टी.ची एक गाडी रविवारी खास गावात यायला लागली. कुणाची साखर उतरली, कुणाच्या पोरीचं लग्न जमलं, कुणाची म्हैस वेळेवर गाभण गेली. ते सगळं उभं राहिल्यानंच झालं. नदीपलीकडच्या गावाला हे सहन झालं नाही. त्यांनी ईर्षेनं 'बैठकीचा रविवार' काढला, पण बसायला कोण लांबून येणार? महिन्याभरात तो मोडला.

लालासाहेब पुढं उभे राहत आणि मागं गाव. सुरुवातीला त्यांना पाठीवर शेकडो डोळे टोचायचे. मग सवय झाली. खरं सांगायचं तर बरंही वाटायला लागलं. मणका मोडल्यावर ते स्वतःला म्हातारं धरून चालले होते. आता रविवारी पहाटे दाढी करताना आरशात बघावंसं वाटे. मनात ते एवढंच म्हणत, मी तर खोटं काही करत नाही. मी गोळी घेतो आणि उभा राहतो. बाकीच्यांचं बाकीच्यांपाशी.

पाच वर्षं अशी गेली.

मग त्यांची मांडी दुखायला लागली. उजवी, वरच्या अंगाला, आतनं कुणीतरी बोटानं दाबतंय अशी. मनुबाई म्हणाल्या, "उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन दुखतीया." पण डॉक्टर संयोगितांनी आधीच बजावून ठेवलं होतं, की मांडी किंवा जांघ दुखली तर लगेच यायचं. ते कराडला गेले.

डॉक्टरांनी दोन्ही मांड्यांचे फोटो काढले, हाडं पुन्हा तपासली. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाल्या, "फोटो चांगला आहे, आबा. चीर नाही. दुखणं स्नायूचं आहे. पण आता आपण या गोळीला सुट्टी देऊ."

"सुट्टी मंजे?"

"बंद करायची. सध्यापुरती."

"मग परत मोडतील की हाडं!"

"ऐका. ही गोळी हाडात मुरून बसते. बंद केली तरी तिचा गुण काही काळ टिकतो. तुमची हाडं आता बरीच भरलीत. दम्याच्या त्या जुन्या गोळ्याही बंद झाल्या, आता फक्त पंप आहे. उलट ही गोळी फार वर्षं चालू ठेवली, तर क्वचित कुणाचं मांडीचं हाड आडवं चिरतं, क्वचित कुणाच्या जबड्याचं हाड बिघडतं. लाखात थोड्यांना होतं, पण होतं. हाडं कच्चीच असती, तर मी म्हटलं असतं, चालू ठेवा, मोडण्याचा धोका मोठा आहे. तुमच्या बाबतीत पारडं आता बंद करण्याकडं झुकलंय."

"आनि बंद केल्यावर काय झालं तर?"

"म्हणूनच मोकळं सोडणार नाही तुम्हाला. चालणं ठेवा, कॅल्शियम ठेवा. पाठ अचानक दुखली, उंची कमी झाल्यासारखी वाटली, तर या. नाहीतर वर्षा-दीड वर्षानं पुन्हा तपासू."

मग लालासाहेबांनी जे विचारलं, ते डॉक्टरांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"मग मी रविवारी उभं ऱ्हायचं का न्हाई?"

"उभं राहायला काय हरकत आहे?"

"गोळी न खाता?"

"गोळी न खाता."

"ते फसवनूक व्हईल, मॅडम."

डॉक्टर संयोगितांना काही उमगलं नाही, पण बाहेर पेशंट खोळंबले होते.

परतीच्या एस.टी.त लालासाहेब त्याच विचारात होते. गोळी बंद करायची भीती होतीच. पाच वर्षं जिच्या जिवावर उभे राहिलो, ती काढून घेतल्यावर आतलं सगळं भुसभुशीत होईल, असं वाटत होतं. पण त्याहून मोठी पंचाईत ही, की गोळी नसताना मैदानात उभं राहायचं कोणत्या तोंडानं? आणि नाही राहायचं, तर गावाला सांगायचं काय? घरी आल्यावर त्यांनी मनुबाईंना विचारलं.

"मला काय इचारता?" मनुबाई पीठ मळत म्हणाल्या. "मी कवा हुती तितं? तुमी भाईर उभं, गाव भाईर उभं. सगळ्यांच्या च्याचं आदन मी ठेवायचं."

लालासाहेबांनी बाळासोंना निरोप दिला, की या रविवारपासून उभं राहणं बंद. त्याच संध्याकाळी बाळासोंनी मारुतीच्या देवळापुढं बैठक बोलावली.

"आबा, बंद करायचं तर करू," बाळासो म्हणाले, "पन एकदम नगं. गावाला सोसायचं न्हाई. ह्या रविवारी अर्धा तास, म्होरल्या रविवारी वीस मिंटं, मग धा. असं कमी कमी करत आनू."

"आनि उलटलं तर?" नानासो उठून उभा राहिला. "माझी साखर उभं ऱ्हाऊन उतरलीया. बसल्यावर चढली तर जबाबदार कोन?"

"एस.टी. बंद व्हईल," कुणीतरी म्हणालं.

"म्हशीचं बी बगाया पायजे," आणखी कुणी म्हणालं.

अर्धं गाव म्हणालं, चालू ठेवण्यात धोका आहे, आबांची मांडी दुखतीय. अर्धं म्हणालं, बंद करण्यात त्याहून धोका आहे. एकानं सुचवलं, बायकांनी उभं राहायचं आणि पुरुषांनी बंद करून बघायचं, म्हणजे फरक कळेल. या सूचनेवर बराच वेळ गांभीर्यानं चर्चा झाली. शेवटी हरणाबाई पुढं आल्या. धनगराच्या, ऐंशीच्या घरातल्या, आयुष्यभर मेंढरांमागं चाललेल्या. पाच वर्षांत त्यांनी एकही रविवार चुकवला नव्हता.

"लालासाहेबा," त्या म्हणाल्या, "गोळी कुटं लागली हुती, ते दाव एकदा. मग ठरवू."

लालासाहेबांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून हरणाबाईंच्या हातावर ठेवलं.

"ही गोळी," ते म्हणाले. "मेडिकलातली. हाडांची. खाल्ल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नसतं, म्हनून मी उभा ऱ्हायचो. मी ट्रॅक्टरवरनं बी पडलो न्हाई. शिंकताना मनका मोडला."

लालासाहेब मान खाली घालून उभे होते. आता कुणी चप्पल काढतंय, की हसतंय, याची वाट बघत होते. हरणाबाईंनी पाकीट उलटंपालटं केलं, त्यातला एकेक फुटका कप्पा अंगठ्यानं दाबून पाहिला.

"मंजे गोळी खाऊन उभं ऱ्हायाचं असतं?"

"व्हय."

"आनि आमी पाच वर्सं बिनगोळीचं उभं हाय?"

"व्हय, मावशे."

"आनि तू एकट्यानं खाल्लीस!"

तिथून जो गोंधळ उठला, तो लालासाहेबांच्या कल्पनेतही नव्हता. शिंकेचं कुणाला काही वाटलं नाही, ट्रॅक्टरचं नाही, फौजेचंही नाही. राग होता तो एकाच गोष्टीचा. उभं राहायला सगळं गाव आणि गोळी एकट्याला! नानासोच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. "आबा, निदान शेजाऱ्याला तरी इचारायचं व्हतं," तो म्हणाला.

मंगळवारी दोन टेम्पो आणि एक जीप भरून वडकरंजी कराडला गेली. लालासाहेबांना पुढं बसवलं होतं, मनुबाई सगळ्यांची भाकरी-चटणी बांधून मागं बसल्या होत्या. डॉक्टर संयोगिता दवाखान्याच्या पायरीवर आल्या, तर समोर रांगा धरून गाव उभं. शिस्तीत, टाचा जुळवून.

"आमची गोळी द्या," बाळासो म्हणाले. "पाच वर्साची मागची बाकी हाय."

डॉक्टरांनी लालासाहेबांकडं पाहिलं. लालासाहेबांनी आकाशाकडं पाहिलं. सगळी हकीकत ऐकून डॉक्टर थोडा वेळ आत गेल्या. त्या आत हसत होत्या असं कंपाउंडर नंतर सांगत होता, पण बाहेर आल्या तेव्हा चेहरा गंभीर होता.

"उभं राहिल्याची भरपाई म्हणून गोळी मिळत नसते," त्या म्हणाल्या. "ज्याला गरज नाही, त्यानं ती घेतली तर नुसता तोटाच. पण आलाच आहात, तर म्हाताऱ्या माणसांना मी तपासते."

तपासण्या पुढचे कितीतरी दिवस चालल्या. नानासोची हाडं लोखंडासारखी निघाली, त्याचं त्याला फार वाईट वाटलं. त्यानं पुन्हा एकदा मशिनीवर झोपू द्या म्हणून विनवणी केली. हरणाबाईंची हाडं मात्र कच्ची निघाली. चार बोटं उंची कमी झाली होती आणि पाठीतले दोन मणके कधी दबले, ते त्यांनाही कळलं नव्हतं. त्यांना गोळी सुरू झाली. आणखी पाच-सहा बायकांना झाली. गोळी मिळाल्यावरच्या पहिल्याच रविवारी हरणाबाई ती खाऊन मैदानात उभ्या राहिल्या. बाकीचे त्यांच्याकडं असे बघत होते, की जणू त्यांचीच वरात आहे.

मनुबाई तपासून घ्यायला तयार नव्हत्या. भाकरीचं गाठोडं उचलताना त्या कमरेत वाकल्या, ते डॉक्टरांनी पाहिलं आणि त्यांना हाताला धरूनच आत नेलं. त्यांचा रिपोर्ट लालासाहेबांच्या त्या पहिल्या रिपोर्टाहून वाईट होता.

लालासाहेबांना तो कागद धरवेना. आपण दर रविवारी छाती काढून उभे राहत होतो, तेव्हा पाठीमागं स्वयंपाकघरात ही वाकून सरपण ओढत होती. तिची हाडंही तेव्हाच झिजत होती, आणि गावातल्या एवढ्या डोळ्यांपैकी एकही डोळा तिकडं वळला नव्हता. त्यांचाही नाही.

"मला न्हाई जमायचं अर्धा तास उभं ऱ्हायाला," मनुबाईंनी आधीच सांगून टाकलं. "आनि माज्या पोटात आदीच जळजळ."

"मग तुम्हाला गोळी नकोच," डॉक्टर म्हणाल्या. "वर्षातनं एकदा शिरेतनं इंजेक्शन. आधी दात दाखवून या. इंजेक्शन दिल्यावर दोन दिवस ताप येईल, अंग दुखेल, मग संपलं."

"न्हाई घेटलं तर?"

"तर एखाद्या दिवशी घागर उचलताना खुबा मोडेल."

"घेटलं तर?"

"ताप सांगितलाच. आणि यांना मांडीच्या, जबड्याच्या हाडाचं सांगितलं होतं, ते तुम्हालाही लागू. पण फारच क्वचित."

मनुबाईंनी पदर खांद्यावर नीट केला, थोडा विचार केला. "आनि आवडलं न्हाई, तर बंद करता येतं का? ह्यांच्यागत?"

"येतं. पण मला विचारून. गावाला विचारून नाही."

"गावाला कशाला इचारीन? गावानं मला कवा इचारलं?"

दात दाखवून झाल्यावर एका शनिवारी इंजेक्शन झालं. रविवारी पहाटे मनुबाईंना सणकून ताप भरला. लालासाहेबांनी त्यांना तापाची गोळी दिली, पाणी पाजलं, वाकळ अंगावर घातली. मग चूल पेटवायला बसले. गोळी बंद झाल्यापासून ते काचेवरून चालल्यासारखे वावरत होते, पाट उचलतानाही आधी मनाशी विचार करत. पण आज इलाज नव्हता. परातीत पीठ घेतलं, पाणी जरा जास्तच झालं. पहिली भाकरी तव्यावर टाकेपर्यंत दोन ठिकाणी फाटली.

बाहेर मैदान भरलं होतं. सहा-सात बायका खरोखरच्या गोळ्या घेऊन, बाकीचं गाव सवयीनं. सगळ्यांची तोंडं लालासाहेबांच्या दाराकडं होती. बाळासोंनी उंबऱ्यापाशी येऊन हाक दिली, "आबा, येताय न्हवं? म्होरची जागा मोकळी हाय."

लालासाहेब पिठाच्या हातांनी दारात आले. "आज घरात तापाचं मानूस हाय," ते म्हणाले. "तुमचं चालू द्या."

"म्होरं कुनाला उभं करायचं?"

"हरणाबाईला करा."

बाळासो क्षणभर घुटमळले. मग मागं वळले. हरणाबाई काठी टेकत पुढच्या जागेवर गेल्या, गावानं टाचा जुळवल्या आणि मैदान चिडीचूप झालं. लालासाहेबांनी दार ओढून घेतलं.

दुसरी भाकरी जरा गोल झाली. तिसरी करपली. मनुबाई वाकळीतनं डोळे अर्धवट उघडून बघत होत्या.

"आवं, तवा तापलाय लय. जाळ काढा थोडा."

त्यांनी एक लाकूड मागं ओढलं.

"आनि थापताना बोटं पसरू नका, तळव्यानं थापा. व्हय, अशी."

चौथी भाकरी फुगली. लालासाहेबांनी ती ताटात काढली, दुधात कुस्करली आणि मनुबाईंना उशीला टेकवून बसवलं. मनुबाईंनी दोन घास खाल्ले, तिसऱ्याला मान हलवली.

"मीठ इसरलाय," त्या म्हणाल्या.

लालासाहेब मिठाचा डबा शोधायला उठले. या घरात तो कुठल्या फळीवर असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.